वेगाचे दफ्तर

खेळ आधी जन्मतो. नियम मागाहून येतात. खो-खो आमच्या गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. परंतु पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याची नियमावली बांधली, तेव्हा कोठे एका गावचा संघ व दुसऱ्या गावचा संघ एकच खेळ खेळत आहेत असे निश्चयाने म्हणता येऊ लागले. क्रिकेट असो, कुस्ती असो वा धावण्याची शर्यत असो, कथा तीच. नियम, पंच आणि नोंदवही ही त्रयी जेथे उभी राहते तेथून खेळाचा इतिहास सुरू होतो. त्यापूर्वी असतात त्या आठवणी आणि बढाया.

गेल्या तीस-बत्तीस वर्षांत ही त्रयी एका सर्वस्वी नव्या क्षेत्रात, बहुतेक सुशिक्षितांच्या नकळत, उभी राहिली आहे. ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेमचे. ज्या पडद्यापुढून मुलांना उठविण्यात घरोघरच्या वडीलधाऱ्यांची संध्याकाळ खर्ची पडते, त्याच पडद्यावर जगभरच्या काही हजार माणसांनी एक शर्यत मांडली आहे. एखादा खेळ आरंभापासून अखेरपर्यंत शक्य तितक्या अल्प काळात पुरा करावयाचा, या उद्योगास स्पीडरन म्हणतात. आणि कोणी किती वेळात तो पुरा केला याच्या क्रमवार फलकास लीडरबोर्ड असे नाव आहे. हा वेळ खरा की खोटा हे ठरविण्यासाठी ज्या रूढी पडत गेल्या, त्यांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या मासिकाच्या वाचकवर्गास हा विषय परका वाटू नये. आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य नोंदी करण्यात, नोंदी तपासण्यात आणि दुसऱ्याने करून ठेवलेल्या नोंदींवर विश्वास ठेवावा की न ठेवावा याचा निर्णय करण्यात गेले आहे. बदलीचा हुकूम येतो, अधिकारी जातो, फाईल मागे राहते. आणि त्याच्या नेकीविषयी जे काही बोलावयाचे ते त्या फाईलनेच बोलावयाचे असते. परंतु आपल्या नोंदींमागे कायदा आहे, वेतन आहे, शिक्का आहे. ज्यांच्यामागे यांपैकी काहीही नाही, ज्यांनी परस्परांचे तोंडही पाहिलेले नाही, अशा माणसांनी खऱ्याखोट्याचा निवाडा करणारे दफ्तर कसे उभारले, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

आरंभी पुरावा फार भाबडा होता. अमेरिकेतील ॲक्टिव्हिजन कंपनीने १९८० साली 'ड्रॅगस्टर' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ विकावयास काढला. घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडून तो खेळावयाचा; एक शर्यत अवघ्या काही सेकंदांची. ज्याने सहा सेकंदांच्या आत शर्यत संपविली त्याने पडद्याचे छायाचित्र कंपनीकडे धाडावे आणि कंपनीने त्यास मंडळाचे सभासद करून कापडी बिल्ला पाठवावा, अशी योजना होती. त्याच सुमारास आयोवा राज्यातील ऑटमवा या लहानशा गावी वॉल्टर डे या गृहस्थाने ट्विन गॅलॅक्सीज नावाचे खेळघर उघडले आणि १९८२ पासून देशभरच्या उच्चांकांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. 'ड्रॅगस्टर'मध्ये टॉड रॉजर्स यांनी १९८२ साली ५.५१ सेकंदांचा वेळ नोंदविल्याचे या दफ्तरात नमूद झाले. छायाचित्र, साक्षीदार आणि सांगणाऱ्याचा लौकिक, एवढ्यावर त्या काळच्या नोंदी उभ्या होत्या. या एका नोंदीकडे आम्हांस पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

खरा पालट घडला तो १९९३ च्या डिसेंबरात. इड सॉफ्टवेअर या छोट्या अमेरिकी कंपनीने 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनी भरलेल्या भुयारांतून वाट काढीत बाहेर पडावे, एवढीच त्याची कथा. परंतु त्यात दोन सोयी अशा होत्या की त्यांतून एक नवी स्पर्धा जन्मास आली. पहिली अशी की, प्रत्येक टप्पा संपताच खेळाडूस लागलेला वेळ पडद्यावर उमटे आणि त्याशेजारी कर्त्यांनी योजलेला प्रमाणवेळ, ज्यास पार टाइम म्हणत, तोही दिसे. पहिल्या टप्प्याचा प्रमाणवेळ ३० सेकंद होता. मनुष्यासमोर असा आकडा ठेवला की तो त्याच्या खाली जाण्याचा यत्न केल्याशिवाय राहात नाही.

दुसरी सोय अधिक मोलाची. हा खेळ आपल्या खेळल्या गेलेल्या डावाची नोंद स्वतःच करू शकत असे, आणि ती नोंद चित्रांची नव्हती. 'डूम' दर सेकंदास ३५ वेळा खेळाडूची आज्ञा वाचतो: पुढे की मागे, उजवीकडे की डावीकडे, किती वळला, कोणती कळ दाबली. त्या प्रत्येक वेळची आज्ञा तो ४ बाइटांत लिहून ठेवतो. म्हणजे एका मिनिटाच्या खेळाची नोंद सुमारे ८,४०० बाइटांची. त्या काळच्या मंद टेलिफोन तारेवरूनही ती काही सेकंदांत खंडापार जाई. ज्याच्याजवळ तोच खेळ असेल त्याने ही नोंद आपल्या यंत्रास द्यावी, की तो डाव जसाच्या तसा पुन्हा घडे. खेळातील यदृच्छासुद्धा २५६ आकड्यांच्या एका ठराविक कोष्टकातून येत असल्यामुळे त्याच आज्ञांस तेच फळ मिळे. बुद्धिबळाच्या डावाची चालीवार टिपणी हाती असली म्हणजे कोणीही तो डाव आपल्या पटावर मांडून पाहू शकतो, तसाच हा प्रकार. साक्षीदाराची गरज संपली. प्रत्येक वाचक स्वतःच परीक्षक झाला.

या सोयीच्या आधारे १९९४ च्या नोव्हेंबरात सायमन विडलेक याने 'कॉम्पेट-एन' नावाचे नोंदगृह सुरू केले. तेथे पाठविलेल्या प्रत्येक नोंदीबरोबर एक छोटे लेखी टिपणही असे: कोणता टप्पा, कोणता वर्ग, किती वेळ, काय विशेष. या नोंदगृहाने घालून दिलेली सर्वांत टिकाऊ रूढी म्हणजे वर्गवारीची. केवळ बाहेर पडण्याची शर्यत हा एक वर्ग. सर्व राक्षस मारून आणि सर्व गुप्त जागा शोधून बाहेर पडण्याची शर्यत हा दुसरा. सर्वांत कठीण पातळीवर खेळण्याचा तिसरा. मुख्यतः मुठीच्या बळावर लढण्याचा एक वर्ग होता, त्यास प्रसिद्ध मुष्टियोद्ध्यावरून टायसन हे नाव पडले. आणि एकाही राक्षसावर हात न उगारता बाहेर पडण्याचा पॅसिफिस्ट, म्हणजे अहिंसाव्रती, हाही एक वर्ग होता. संहारासाठी गाजलेल्या खेळात अहिंसेचा स्वतंत्र रकाना खेळाडूंनीच आखावा, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोरंजक वाटते. खेळ कंपनीने केला. त्यात काय करण्याजोगे आहे हे मात्र खेळणाऱ्यांनी ठरविले.

या दफ्तराची चिकाटी किती होती याचे एकच उदाहरण पुरे. ज्या पहिल्या टप्प्याचा प्रमाणवेळ ३० सेकंद होता, तो १९९८ साली ९ सेकंदांत पुरा झाल्याची नोंद झाली. घड्याळ पूर्ण सेकंदच दाखवीत असल्यामुळे पुढील पायरी ८ ची. आणि ती गाठली गेली २०१९ साली. मध्ये गेलेली वीस-एकवीस वर्षे एका सेकंदासाठी खर्ची पडली. आणि जुनी नोंद कोणासही पुन्हा चालवून पाहता येत होती म्हणूनच नव्या नोंदीस अर्थ होता.

१९९६ मध्ये 'क्वेक' हा खेळ आला. १९९७ च्या जूनमध्ये खेळाडूंच्या एका चमूने संपूर्ण 'क्वेक' त्याच्या सर्वांत कठीण पातळीवर १९ मिनिटे ४९ सेकंदांत पुरा करून दाखविला. हा एकट्याचा, एका बैठकीतला डाव नव्हता. प्रत्येक टप्पा ज्याला उत्तम साधला त्याचा घेऊन ते एकत्र गुंफले होते, आणि तसे उघड सांगितलेही होते. नोलन फ्लुग याने चालविलेले 'क्वेक'चे नोंदगृह दुसऱ्या एका नोंदगृहाशी मिळून १९९८ साली 'स्पीड डेमोज अर्काइव्ह' झाले. २००३ मध्ये फ्लुगने 'मेट्रॉइड प्राइम' या निराळ्याच खेळाची आपली धाव तेथे ठेवली आणि २००४ पासून त्या संग्रहाची दारे सर्व खेळांस उघडली. सबंध खेळ एका दमात पुरा केलेला वेगळा आणि तुकड्यातुकड्यांनी खेळून जोडलेला वेगळा, ही विभागणी तेथे काटेकोरपणे पाळली जाई.

याच काळात एक प्रसंग असा घडला की त्याने या मंडळींस सत्यकथनाचे एक नवे कलम शिकविले. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' हा खेळ सुमारे ११ मिनिटांत, अमानुष वाटावे अशा अचूकतेने पुरा होत असल्याचे एक चित्रण २००३ मध्ये हातोहात जगभर पसरले. पाहणारे थक्क झाले. पुढे त्यांतील अनेक संतापले. कारण ते चित्रण एका जपानी खेळाडूने जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर, खेळ मंद करून आणि चुकलेला क्षण पुनःपुन्हा नव्याने नोंदवून तयार केले होते. त्याने ही रीत लपविली नव्हती; परंतु चित्रणाच्या प्रती पसरल्या त्या खुलाशावाचून. या मंडळींनी त्या कलेस हद्दपार केले नाही. तिला साधनसाहाय्यित धावेचे, इंग्रजी आद्याक्षरांनी टॅस असे, स्वतंत्र नाव मिळाले आणि २००३ च्या अखेरीस तिच्यासाठी वेगळे नोंदगृह निघाले. मानवी हातांनी केलेली धाव एका दफ्तरात, यंत्राच्या साहाय्याने रचलेली दुसऱ्या दफ्तरात. दोहोंस मान आहे. एकीने दुसरीचे सोंग आणणे हा मात्र गुन्हा आहे.

हा भेद ध्यानात आला म्हणजे वर्गवारीमागचे तत्त्व उलगडते. खेळ म्हणजे मनुष्याने लिहिलेली आज्ञावली. तीत दोष राहतातच. त्या दोषांस ग्लिच म्हणतात, आणि त्यांतून भिंती ओलांडता येतात, टप्पे गाळता येतात. अशी पळवाट सापडली म्हणजे काय करावे? ती निषिद्ध ठरवावी, तर शोधकाच्या बुद्धीचा अपमान. तिला मोकळे रान द्यावे, तर जुन्या खेळाडूंचे श्रम मातीमोल. या पेचातून काढलेला मार्ग असा की नव्या वाटेस नवा रकाना द्यावा आणि जुना रकाना पुसू नये.

१९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' या खेळाचे उदाहरण घ्यावे. त्यात एकंदर १२० तारे आहेत; पैकी ७० मिळविल्यावाचून शेवटचा जिना संपत नाही, खेळाडू चढतच राहतो, अशी कर्त्यांची योजना होती. पुढे असे आढळले की विशिष्ट रीतीने पाठमोरे उड्या घेत गेल्यास तो अनंत जिनाही चढून जाता येतो. प्रथम १६ तारे पुरेसे ठरले, मग १, आणि अखेर एकही तारा न घेता खेळ संपविता येऊ लागला. आज या खेळाच्या फलकावर १२०, ७०, १६, १ आणि ० असे पाचही रकाने नांदत आहेत. शून्याचा शोध लागला म्हणून सत्तरवाला मूर्ख ठरला नाही. १२० ताऱ्यांची धाव दीड तासाहून अधिक चालते आणि तिला लागणारा दम निराळा. शून्य ताऱ्यांची धाव काही मिनिटांची आणि तिला लागणारी अचूकता निराळी.

साधारणपणे प्रत्येक खेळात दोन वर्ग मुख्य असतात. एकास एनी परसेंट म्हणतात. त्यात किती भाग खेळला याची चौकशी नसते, शेवट गाठला की झाले. दुसरा शंभर टक्क्यांचा. त्यात जे जे मिळविण्याजोगे ते सर्व मिळवावे लागते. आता 'सर्व' म्हणजे काय, यावर जे वाद माजतात ते पाहून सेवानियमांच्या कलमांवरील आपल्याकडील टिपणींची आठवण व्हावी. त्याहून बिकट वर्ग ग्लिचविरहित धावेचा. कर्त्याने जाणूनबुजून ठेवलेली सवलत कोणती आणि नजरचुकीने राहिलेली फट कोणती, हे कोण ठरविणार? म्हणून तेथे व्याख्येवर न थांबता वर्ज्य युक्त्यांची यादीच जोडतात, आणि ती त्या खेळाचे धावपटू आपसांत चर्चा करून ठरवितात.

१९९८ च्या 'झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम' या खेळात हे तत्त्व पुरते कसास लागले. २०१२ साली राँग वॉर्प नावाची युक्ती सापडली आणि अनेक तासांचा खेळ वीस-बावीस मिनिटांवर आला. २०१९ च्या सुमारास तर खेळाच्या स्मृतिकोषातच फेरफार घडवून, शत्रूशी लढाईही न करता, थेट शेवटच्या नामावलीवर उतरण्याचा मार्ग निघाला. शत्रूला भेटलोच नाही तर खेळ जिंकला असे म्हणावे काय? तोड अशी निघाली की एनी परसेंट आपल्या तर्कानुसार जाईल तेथे जावो. ज्यांना अखेरच्या शत्रूचा पराभव आवश्यक वाटतो त्यांच्यासाठी त्याच नावाचा वर्ग असावा. मतभेद मिटले नाहीत. त्यांना स्वतंत्र जागा मिळाल्या.

वर्ग ठरला तरी घड्याळाचा प्रश्न उरतोच. एकाचे यंत्र नवे, एकाचे जुने. जुन्या यंत्रास पुढचा टप्पा पडद्यावर आणण्यास अधिक वेळ लागतो. हा वेळ मोजला तर विजय धनवानाचा. म्हणून पुष्कळ खेळांत तो वजा करून, किंवा खेळाच्या अंतर्गत घड्याळाने, हिशेब करतात. युरोपातील जुनी खेळयंत्रे सेकंदास ५० चित्रे दाखवीत, अमेरिका व जपानमधील ६०. तेव्हा कोणत्या देशाची आवृत्ती वापरली हे लिहावे लागते. काही खेळांच्या जपानी आवृत्तीत संवाद थोड्या अक्षरांत आटोपतात, म्हणून जपानी न जाणणारे खेळाडूही तीच आवृत्ती पसंत करतात. खरे यंत्र की त्याची नक्कल करणारी प्रणाली, हाही रकाना भरावा लागतो.

सूक्ष्मतेची परिसीमा १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळात दिसते. तेथे बहुतेक टप्पे संपल्यावर पुढील टप्पा उघडण्याचा क्षण दर २१ चित्रांमागे एकदाच, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंदाने, येतो. टपालाची पिशवी ठरल्या वेळीच सुटावी तसे हे आहे: पत्र पाच मिनिटे आधी टाकले काय अन् अर्धा तास आधी टाकले काय, जाणार ते त्याच पिशवीतून. परंतु आदली पिशवी गाठली तर लाभ पूर्ण पिशवीचा. या हिशेबाने पायरी पायरी खाली येत २०२१ च्या एप्रिलमध्ये निफ्टस्की हे टोपणनाव धारण करणारा खेळाडू ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या खाली उतरला. त्याचा वेळ ४ मिनिटे ५४.९४८ सेकंद असा सहस्रांशापर्यंत नोंदला गेला आहे.

हे सर्व तपासतो कोण? २०१४ पासून 'स्पीडरन डॉट कॉम' हे या नोंदींचे सर्वांत मोठे सामायिक दफ्तर झाले आहे. २०२० साली ते एका कंपनीने विकत घेतले. जागा कंपनीची, परंतु तपासणी विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांची. त्यांना मॉडरेटर म्हणतात, आणि प्रत्येक खेळाचे ते निरनिराळे असतात. खेळाडूने आपल्या धावेचे चित्रण सादर करावे. मॉडरेटरने ते पाहावे, गरज पडल्यास एकेक चित्र मोजून वेळ पुन्हा काढावा, आणि मंजूर करावे किंवा कारण लिहून परत करावे, असा शिरस्ता आहे. 'गोल्डनआय'सारख्या काही खेळांच्या मंडळींचे आपले जुने, स्वतंत्र फलकही चालू आहेत. तपासनीस बहुधा स्वतःच त्या खेळाचा धावपटू असतो. म्हणजे परीक्षक आणि स्पर्धक एकच. ही या व्यवस्थेची उणीव आहे आणि तिचे बळही. कारण जो स्वतः तो जिना शंभरदा चढला आहे त्यालाच दुसऱ्याची खोटी पायरी ओळखू येते.

आणि खोट्या पायऱ्या असतातच. यासंबंधीचे तीन निवाडे आम्हांस महत्त्वाचे वाटतात.

पहिला 'ड्रॅगस्टर'चा. ५.५१ सेकंदांची ती नोंद पस्तीस वर्षे अबाधित राहिली. गिनेस ग्रंथाने तिचा दीर्घायुषी विक्रम म्हणून गौरवही केला. २०१७ साली एरिक कोझिएल या अभ्यासकाने खेळाची आज्ञावली उलगडून शक्य त्या चालींचा हिशेब मांडला. त्यातून निघाले ते असे की, निर्दोष हातांनी खेळले तरी ५.५७ च्या खाली जाता येत नाही. आणि ते घड्याळ सुमारे तीन शतांश सेकंदांच्या टप्प्यांनी सरकत असल्यामुळे ५.५१ हा आकडा शक्यतेच्या पलीकडे दोन टप्पे होता. २०१८ च्या जानेवारीत ट्विन गॅलॅक्सीजने रॉजर्स यांच्या सर्व नोंदी रद्द केल्या. गिनेसनेही आपली मान्यता काढून घेतली. रॉजर्स यांनी हा निर्णय आपणांस पटत नसल्याचे सांगितले. आम्हांस विचार येतो तो ५.५७ गाठलेल्या खेळाडूंचा. शक्यतेची शेवटची सीमा गाठूनही फलकाकडे पाहून त्यांनी स्वतःस उणेच मानले असेल. खोटी नोंद एका माणसाचा सन्मान वाढविते एवढेच नाही. ती खऱ्याच्या हातून त्याचे माप काढून घेते.

दुसरा निवाडा 'माइनक्राफ्ट' या खेळातील. या खेळात काही आवश्यक वस्तू नशिबाने मिळतात. ड्रीम या टोपणनावाने विख्यात असलेल्या खेळाडूच्या २०२० च्या ऑक्टोबरमधील एका धावेस पाचवे स्थान मिळाले होते. तपासनीसांनी त्या काळातील त्याच्या सहा प्रक्षेपणांतील वस्तू मोजल्या. २६२ अदलाबदलींत सुमारे १२ वेळा मिळावयाची वस्तू ४२ वेळा मिळाली होती. ३०५ पैकी निम्म्या वेळा मिळावयाची दुसरी वस्तू २११ वेळा मिळाली होती. डिसेंबरात त्यांनी २९ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. संशयाचा फायदा देण्यासाठी शक्य त्या सर्व सवलती धरूनही असे नशीब फळण्याचा संभव साडेसात लाख कोटींत एक, असा त्यांचा निष्कर्ष होता. धाव फलकावरून काढली गेली. खेळाडूने प्रथम इन्कार केला, एका तज्ज्ञामार्फत उत्तरही दिले. २०२१ च्या मे महिन्यात मात्र खेळात फेरफार करणारी प्रणाली आपल्या यंत्रावर चालू होती, पण ती नकळत, असे त्याने मान्य केले. ज्याचे चाहते लक्षावधींनी मोजावे अशा माणसाविरुद्ध काही बिनपगारी तपासनीसांनी आकडेमोड मांडावी आणि ती टिकावी, ही गोष्ट लहान नव्हे. लोकप्रियतेपुढे हिशेब वाकला नाही.

तिसरा निवाडा सर्वांत ताजा. 'डायब्लो' या खेळाची ३ मिनिटे १२ सेकंदांची एक धाव २००९ पासून स्पीड डेमोज अर्काइव्हमध्ये होती. या खेळातील तळघरे दरवेळी एका बीजसंख्येपासून नव्याने रचली जातात. काही अभ्यासकांनी संभाव्य तळघरे यंत्राकरवी चाळून पाहिली आणि चित्रणात दिसणारे मजले एकाच डावातील असणे अशक्य असल्याचे दाखविले. तुकड्यांनी खेळण्याची मुभा होती. निरनिराळ्या डावांचे तुकडे जोडण्याची नव्हती. ही नोंद काढून टाकल्याची वार्ता २०२५ च्या आरंभी जाहीर झाली. पुराव्याची नवी साधने हाती आली म्हणजे जुने दफ्तरही पुन्हा उघडावे लागते, हे या मंडळींनी सोळा वर्षांनीही टाळले नाही.

तिन्ही निवाड्यांत एक समान गोष्ट आहे. आरोप कुजबुजीने झाला नाही. आज्ञावली, आकडे, चित्रण, जे काही होते ते सर्वांपुढे ठेवले गेले, आणि ज्याला शंका होती त्याला ते स्वतः तपासून पाहता येत होते. 'डूम'च्या ४ बाइटांच्या नोंदीने जी सवय लावली तीच येथवर पोहोचली. या व्यवस्थेचे दोषही आम्ही झाकीत नाही. वर्ग इतके वाढतात की काही रकान्यांत एकच नाव असते, वाद चिघळतात, विनावेतन काम करणारे तपासनीस थकतात आणि धावा तपासणीविना पडून राहतात. तरीही या मंडळींत काही सुंदर रूढी रुजल्या आहेत. नवी वाट सापडली तर ती गुप्त न ठेवता प्रतिस्पर्ध्यांस शिकविणे ही त्यांतली एक. आपल्याच पूर्वीच्या उत्तम वेळेशी, ज्यास पर्सनल बेस्ट म्हणतात, स्पर्धा करणे ही दुसरी. फलकावर नऊशेव्या स्थानी असलेलाही आपला एक सेकंद कमी झाला म्हणून आनंदतो आणि इतरही त्याचे अभिनंदन करतात. २०१० च्या जानेवारीत अशा काही खेळाडूंनी एका संयोजकाच्या आईच्या घरातील तळघरात जमून, सलग खेळ करून दाखवून, केअर या सेवासंस्थेसाठी दहा हजारांहून अधिक डॉलर जमविले. त्यातून वाढलेल्या 'गेम्स डन क्विक' या संमेलनांनी कर्करोगप्रतिबंध आणि सीमापार वैद्यकीय सेवा यांसाठी आजवर पाच कोटी डॉलरांहून अधिक निधी उभा केला आहे.

आपल्यापैकी एखाद्याच्या सरकारी निवासस्थानात, गुवाहाटीस असो वा कोचीस, शेजारच्या खोलीत एखादा मुलगा तोच टप्पा चाळिसाव्यांदा नव्याने सुरू करीत असेल. तो वेळ वाया घालवीत आहे की नाही, याचा निर्णय त्याच्या वडिलांवर सोपवितो. मात्र रागावण्यापूर्वी त्यास एक प्रश्न जरूर विचारावा: तुझा वेळ किती, वर्ग कोणता, आणि पुरावा काय? या तिन्हींची उत्तरे त्याने न अडखळता दिली, तर त्याला नोंदीचे मोल कळले आहे असे समजण्यास हरकत नाही. 'कॉम्पेट-एन'च्या जुन्या नोंदी आजही यंत्रास दिल्या की चालतात. ज्यांनी त्या पाठविल्या ते बहुतेक खेळाडू कधीच आपापल्या संसारास लागले. त्यांची भुयारांतली धाव मात्र सेकंदास पस्तीस आज्ञांच्या हिशेबाने, पाहणाऱ्यापुढे, पुन्हा तशीच घडते.